अतिवेगवान मोटारींचीं दुखणीं व त्यांचा खर्च

आमच्या शाळेंतील मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पूर्वीं क्रिकेटपटूंचीं चित्रें चिकटविलेलीं असत. हल्लीं त्यांच्या जोडीला तांबड्या, पिवळ्या, जमिनीस पोट लावून धांवणाऱ्या मोटारी येऊन बसल्या आहेत. फेरारी, लँबॉर्गिनी, मॅक्लॅरेन, बुगाटी हीं नांवें पांचवीच्या मुलालाही तोंडपाठ असतात, आणि कोणती गाडी ताशीं किती किलोमीटर जाते असें विचारलें असतां उत्तरास क्षणाचाही विलंब होत नाहीं. परंतु तीच गाडी दुरुस्तीशिवाय किती वर्षें चालते, तिच्यांत आधीं काय बिघडतें, आणि बिघडलेलें नीट करण्यास किती पैसे पडतात, असा प्रश्न आम्हांस आजवर एकाही विद्यार्थ्यानें विचारलेला नाहीं. पालकांपैकीं कांहींनीं मात्र तो विचारला आहे.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें पालकांचा हा प्रश्न अधिक शिकविणारा आहे. वेग फुकट मिळत नाहीं. तो कोणत्या ना कोणत्या भागाच्या आयुष्यांतून कापून घ्यावा लागतो. कोणत्या भागाच्या, व किती, हें समजावें म्हणून आपण एकच मोटार उदाहरणादाखल घेऊं आणि तिला उघडून पाहूं. इटलींतील मारानेल्लो या गांवीं फेरारी कंपनीनें १९९४ सालीं 'एफ-३५५' या नांवाची मोटार बाहेर काढली व १९९९ पर्यंत ती बनविली. तिच्या नांवांतच तिचा परिचय आहे. पहिले दोन आंकडे साडेतीन लिटरचें इंजिन दाखवितात, आणि शेवटचा पांच हा प्रत्येक सिलिंडरला पांच व्हॉल्व्ह आहेत हें सांगतो. सिलिंडर आठ, म्हणजे व्हॉल्व्ह चाळीस. शक्ति ३८०, परमवेग ताशीं सुमारें २९५ किलोमीटर. ही मोटार आतां जुनी झाली आहे, हेंच आमच्या कामाचें. कारण नव्या मोटारीचे गुण जाहिरातींत वाचावयास मिळतात, पण दोष दिसण्यास वीसपंचवीस वर्षें जावीं लागतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं प्रथम एक गणित करावें. या इंजिनांत पिस्टन वरून खालीं ७७ मिलिमीटर जातो, आणि इंजिन मिनिटास ८,५०० फेरे घेऊं शकतें. एका फेऱ्यांत पिस्टन एकदां खालीं व एकदां वर, असा १५४ मिलिमीटर चालतो. यावरून त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारें २१·८ मीटर, म्हणजे ताशीं ७८ किलोमीटर निघतो. हा वेग आगगाडीलाही असतो, असें कोणी म्हणेल. परंतु आगगाडी तो वेग धरून सरळ जाते. पिस्टनला दर सेकंदास २८३ वेळां पूर्ण थांबून उलट फिरावें लागतें. त्या उलट फिरण्याच्या क्षणीं त्याच्यावर येणारा ताण त्याच्या वजनाच्या तीन हजार पटींहून अधिक भरतो. एक ग्रॅम धातु तेथें तीन किलोग्रॅमची ओढ घेतो! आपल्याकडे घरोघरीं पोंचलेल्या मारुति ८०० चा पिस्टन ७२ मिलिमीटर चालतो, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण ती गाडी रस्त्यानें मिनिटास तीन हजार फेऱ्यांनीं जात असतां त्याचा वेग सेकंदाला ७·२ मीटर एवढाच असतो. आणि ताण हा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो: फेरे तिप्पट झाले तर ताण नऊपट. म्हणूनच एफ-३५५ मध्यें पिस्टनला जोडणारे दांडे पोलादाचे न करतां टायटॅनियम या हलक्या व महाग धातूचे करावे लागले. मोटार महाग कां, याचें एक उत्तर येथेंच मिळतें.

आतां तिच्या सर्वांत प्रसिद्ध दुखण्याकडे वळूं. व्हॉल्व्ह उघडणें-मिटणें हें पिस्टनच्या चालीशीं अगदीं जुळून व्हावें लागतें. ही जुळणी राखण्याचें काम दांते असलेल्या रबरी पट्ट्यांकडे असतें. यास टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिन पूर्ण जोरांत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारें ७० वेळां उघडतो व मिटतो. पट्टा तुटला, किंवा त्याचे चार दांते घसरले, तर कांहीं व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि खालून येणारा पिस्टन त्यांवर आदळतो. व्हॉल्व्ह वांकतात, पिस्टनास खोंचा पडतात, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच लाखों रुपयांच्या इंजिनाचें भंगार होतें. रबर तर उष्णतेनें व काळानें कडक होत जाणारच. गाडी चालविली नाहीं तरीही होणार. म्हणून पट्टे किलोमीटर मोजून बदलण्यापेक्षां वर्षें मोजून बदलावे लागतात. तीन ते पांच वर्षांनीं ते बदलावे, असा जाणत्या कारागिरांचा सल्ला असतो.

पट्टा स्वतः फार महाग नाहीं. अडचण ही कीं, तेथवर हातच जात नाहीं. वजन दोन्ही आंसांमध्यें तोलून राहावें म्हणून या मोटारींत इंजिन चालकाच्या पाठीमागें बसविलें आहे, आणि पट्ट्यांची बाजू बैठकींमागील भिंतीला जवळजवळ टेकलेली आहे. मग कारागीर काय करतो? तो गाडी उचलयंत्रावर चढवितो, मागील सांगाडा, गिअरपेटी व इंजिन हें सारें एकत्र सोडवून खालीं उतरवितो, आणि वरचा देह अधांतरीं राहूं देतो. भिंतींतला एक खिळा बदलण्यासाठीं घर उचलून बाजूला ठेवावें, तसा हा प्रकार! तेवढा खटाटोप झाल्यावर केवळ पट्टा बदलून इंजिन परत चढविणें शहाणपणाचें नसतें. पट्टा ताणून धरणाऱ्या चक्रांचे बेअरिंग, पाण्याचा पंप, तेल गळूं न देणाऱ्या रबरी कड्या, पाण्याच्या नळ्या, यांपैकीं जें थकलें असेल तें त्याच वेळीं बदलून घ्यावें लागतें. अमेरिकेंत या एका सेवेस सहासात हजार डॉलरपासून दहा हजारांच्या वर खर्च आलेला आहे, आणि त्यांतील मोठा वाटा मजुरीचा. कारखान्यानेंही यावरून बोध घेतला असें दिसतें. १९९९ मधील पुढील '३६०' या मोटारींत बैठकींमागें एक झांकण ठेवलें, त्यामुळें इंजिन न उतरवितां पट्टे बदलतां येऊं लागले. आणि २००४ च्या 'एफ-४३०' मध्यें तर पट्टा काढून पोलादी सांखळीच घातली.

दुसरें दुखणें इतकें उघडें दिसत नाहीं. व्हॉल्व्हचा दांडा ज्या लहानशा नळींत खालींवर सरकतो, तिला व्हॉल्व्ह गाइड म्हणतात. एफ-३५५ च्या पहिल्या वर्षांतील गाड्यांत ही नळी कांशाच्या जातीच्या मऊ मिश्रधातूची होती. ती लवकर झिजे. नळी झिजली कीं दांडा हलतो, व्हॉल्व्ह आपल्या जागीं घट्ट बसत नाहीं, सिलिंडरमधील दाब निसटतो, आणि तेल जळून मागून निळसर धूर येऊं लागतो. मालकास प्रथम वाटतें, 'तेल जरा अधिक खाते, एवढेंच.' पुढें कारखान्यानें ही नळी अधिक कठीण धातूची केली. परंतु जुन्या गाडींत ती बदलावयाची म्हणजे पुन्हा इंजिन खालीं उतरविणें, त्याचीं डोकीं उघडणें, व चाळीसही नळ्या बसविणें आलें. धातूची निवड थोडी चुकली आणि तिचा खर्च दहापंधरा वर्षांनंतर तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या वांट्यास आला.

तिसरें दुखणें धुराड्याचें. जळलेला वायु बाहेर नेणाऱ्या नळ्या या गाडींत पातळ पत्र्याच्या असून त्यांवर उष्णता रोखणारें आच्छादन आहे. तापणें, निवणें, पुन्हा तापणें, या क्रियेनें धातु थकतो व नळ्यांना चिरा पडतात. आच्छादनामुळें चीर बाहेरून दिसत नाहीं. येथें एक मौजेची, पण घातक, साखळी सुरू होते. चिरेंतून बाहेरील हवा आंत शिरते. पुढें बसविलेलें प्राणवायु मोजणारें यंत्र ती हवा पाहून 'इंधन कमी पडत आहे' असा खोटा निरोप देतें. गाडीचा विद्युत्-मेंदू तो खरा मानून अधिक पेट्रोल सोडतो. तें जादा पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या पेटींत जाऊन जळतें, आणि ती पेटी भयंकर तापते. तेव्हां चालकासमोर 'हळू चालवा' असा दिवा लागतो. गंमत अशी कीं, हा दिवा लावणारें यंत्रही या गाडींत वारंवार बिघडतें, त्यामुळें कित्येक मालक दिव्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतात. लांडगा आला रे आला, या गोष्टीची आमच्या विद्यार्थ्यांस आठवण झाली असेल.

उष्णता ही या जातीच्या मोटारींची जन्माची वैरीण आहे. २०१० सालीं फेरारीच्याच 'एफ-३५५' हून कितीतरी पुढारलेल्या '४५८ इटालिया' या गाड्यांस आगी लागूं लागल्या. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, मागील चाकाच्या कमानींतील आच्छादन ज्या गोंदानें चिकटविलें होतें, तो गोंद अति तापल्यामुळें सुटतो व पेट घेतो. कंपनीनें १,२४८ गाड्या परत बोलाविल्या आणि गोंदाच्या जागीं साध्या धातूच्या खिळ्या बसविल्या. एवढ्या विद्वान् अभियंत्यांच्या कारखान्यांत गोंद चुकला!

क्लचविषयीं थोडक्यांत सांगूं. १९९७ पासून एफ-३५५ मध्यें शर्यतीच्या गाडीप्रमाणें सुकाणूमागील पट्ट्या ओढून गिअर बदलण्याची सोय मिळूं लागली. पायानें दाबावयाचा क्लच गेला, त्याचें काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पंपाकडे आलें. मोकळ्या रस्त्यावर ही योजना उत्तम. परंतु गर्दींत इंच इंच सरकतांना, किंवा चढावर मागें घेतांना, यंत्र क्लच अर्धवट धरून ठेवतें आणि तो घांसून जातो. लँबॉर्गिनीच्या 'गायार्दो' या गाडींतही अशाच योजनेनें तोच अनुभव आला. जो क्लच एका मालकाकडे अनेक वर्षें टिकतो, तोच दुसऱ्याकडे शहराच्या गर्दींत एकदोन वर्षांत संपतो. मुंबईच्या दादर-परळच्या रस्त्यांवर अशा क्लचचें काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

कांहीं दुखणीं यंत्राचीं नसून केवळ म्हातारपणाचीं असतात. या काळच्या फेरारी गाड्यांतील बटणांवर हातास मऊ लागणारा एक लेप दिलेला असे. वर्षें लोटलीं कीं तो गुळासारखा चिकट होतो व बोटांना लागतो. समोरच्या फळीवर ताणून बसविलेलें कातडें उन्हानें आंखडून कडेपासून सुटतें. यानें गाडी थांबत नाहीं, पण दुरुस्तीचें बिल मात्र येतें.

आमच्या मतें पालकांनीं व मुलांनीं सर्वांत अधिक लक्ष द्यावें अशी गोष्ट टायरची आहे, कारण तिच्यांत पैशापेक्षां मोठें कांहीं पणास लागतें. या मोटारी बहुधा वर्षांतून थोड्याच वेळां बाहेर पडतात. त्यामुळें टायरवरील नक्षी नव्यासारखी दिसते, आणि मालक निश्चिंत असतो. पण आंतलें रबर वर्षानुवर्षें कडक होत जातें व रस्त्यास धरून राहण्याची त्याची शक्ति उतरते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, सांता क्लॅरिटा येथें, प्रसिद्ध नट पॉल वॉकर ज्या पोर्श कॅरेरा जीटी मोटारींत बसले होते ती झाडावर व खांबावर आदळून जळाली. ते व चालक दोघेही दगावले. तपासांत यंत्राचा बिघाड आढळला नाहीं. कारण ठरला तो वेग: ताशीं ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनीं जात होती. मात्र टायर नऊ वर्षांचे जुने होते, हेंही तपासणाऱ्यांनीं मुद्दाम नोंदविलें. टायरच्या कडेवर शेवटीं चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात. '२३१८' असें असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यांत झाला. हे आंकडे वडिलांच्या स्कूटरवरही असतात. आज संध्याकाळीं ते वाचून पाहण्यास कोणासही एक पैसा पडणार नाहीं.

आतां खर्चाचा हिशेब. एफ-३५५ नवी असतां अमेरिकेंत तिची किंमत सुमारें १ लाख ३० हजार डॉलर होती. पंधरा वर्षांनंतर, २०१० च्या सुमारास, तीच गाडी चाळीसपन्नास हजारांस मिळूं लागली. साध्या चांगल्या मोटारीच्या भावांत फेरारी! पुष्कळ तरुणांनीं सांठविलेले पैसे देऊन ती घेतली. परंतु बाजारांत गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं, आणि कारागिराची मजुरी तर वाढतच जाते. चाळीस हजारांच्या गाडीस दहा हजारांची पट्ट्याची सेवा व त्याहूनही मोठें व्हॉल्व्ह गाइडचें काम एकाच वर्षीं निघालें, म्हणजे दारीं हत्ती बांधल्यासारखें होतें; हत्ती स्वस्तांत मिळाला म्हणून तो कमी खात नाहीं. तेव्हां कित्येकांनीं पट्ट्याचें काम 'पुढच्या वर्षीं करूं' म्हणून ढकललें, आणि गाडी तशीच दुसऱ्यास विकली. पुढें अशा जुन्या गाड्यांचे भाव पुन्हा चढले, पण ज्यांचें इंजिन मधल्या काळांत फुटलें त्यांस त्याचा काय उपयोग?

हा नियम श्रीमंतांतल्या श्रीमंत मोटारींसही लागू आहे. फ्रान्समधील मोल्सहाइम येथें २००५ पासून बनलेल्या बुगाटी व्हेरॉनची शक्ति १,००१, सिलिंडर सोळा, आणि रेडिएटर दहा! इंधनांतील उष्णतेचा थोडाच अंश चाकांपर्यंत पोंचतो. उरलेली उष्णता कोठें तरी टाकावी लागते, म्हणून दहा रेडिएटर. तिची १०० लिटरची टाकी ताशीं ४०७ किलोमीटरच्या पूर्ण वेगानें सुमारें १२ मिनिटांत रिकामी होते. म्हणजे ८१ किलोमीटरांस शंभर लिटर. लिटरला एक किलोमीटरही पडत नाहीं. एकदां तेल बदलण्यास वीस हजार डॉलरांहून अधिक, आणि टायरच्या एका जोडास त्याहूनही जास्त, असे आंकडे प्रसिद्ध आहेत. मॅक्लॅरेनच्या 'एफ-वन' या १९९० नंतरच्या दशकांतील मोटारीची गोष्ट याहून निराळी. त्या एकंदर १०६ च झाल्या. त्यांच्या मेंदूशीं बोलण्यासाठीं त्या काळचा कॉम्पॅक नांवाचा एक जुना संगणक लागे, आणि २०१६ सालींही कंपनीचे कारागीर तसले जुने संगणक जपून वापरीत होते. कोट्यवधींची मोटार, आणि तिची नाडी पाहणारें यंत्र भंगारांत शोधावयाचें!

आपल्या देशांत या खर्चांत आणखी एक रक्कम मिळते, ती जकातीची. मुंबईच्या सचिन तेंडुलकर यांनीं २००२ सालीं कसोटी सामन्यांतील आपलें २९ वें शतक काढून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हां त्यांस फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. इंग्लंडांत मायकेल शूमाकर यांच्या हस्तें ती देण्यांत आली. परदेशांतून आणलेल्या मोटारीवर तेव्हां १२० टक्के जकात होती, आणि या गाडीवरील रक्कम एक कोटि रुपयांच्या वर गेली. सरकारनें ती माफ करतांच २००३ सालीं देशभर चर्चा उठली, आणि अखेर ती रक्कम फेरारीची तेव्हांची मालक जी फियाट कंपनी तिनें भरली. फुकट मिळालेल्या मोटारीस मोटारीच्या किंमतीहून अधिक पैसे पडले! पुढें २०११ सालीं ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्यानें घेतली.

मग अशी जुनी गाडी घेणारा जाणता मनुष्य काय करतो, हें सांगून लेख पुरा करूं. तो रंगाकडे शेवटीं पाहतो. आधीं तो गाडी आदल्या रात्रीपासून थंड ठेवावयास सांगतो, कारण तापलेलें इंजिन आपले पुष्कळ दोष लपवितें. मग प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वर आणून, व्हॉल्व्ह मिटलेले असतां आंत दाबाची हवा भरतात, आणि ती किती निसटते हें मोजतात. आठांपैकीं सातांचा आंकडा सारखा व एकाचाच निराळा आला, तर त्या एका सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे किंवा कड्यांकडे बोट जातें. त्यानंतर तो कागद मागतो: पट्टे कोणत्या तारखेस बदलले, कोणी बदलले, त्याच वेळीं आणखी काय काय घातलें, आणि पैसे दिल्याच्या पावत्या कोठें आहेत. किलोमीटर फार कमी असले तर तो आनंदित न होतां उलट अधिक प्रश्न विचारतो, कारण वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचे पट्टे, नळ्या व टायर हे चालत्या गाडीइतकेच म्हातारे होत असतात. ज्या गाडीबरोबर पावत्यांची जाड फाईल येते, तिला असलें गिऱ्हाईक त्याच वर्षाच्या दुसऱ्या चकचकीत गाडीपेक्षां हजारों डॉलर अधिक देतें, आणि फाईल पेटींत घालून मगच किल्ली हातीं घेतें.